आत वारा, बाहेर शुकशुकाट

होळी जळाली, थंडी पळाली, की दोन-चार दिवसांतच भिंतीवरच्या एसीकडे घरातल्यांचं लक्ष जातं. दिवाळीपासून तो मुका असतो. रिमोट टीव्हीच्या मागे सापडतो, त्यातल्या सेलना पांढरी पूड आलेली. सेल बदलले जातात, ‘टीं’ असा आवाज होतो, आतल्या युनिटची पट्टी सावकाश उघडते आणि वारा सुटतो. सगळे त्या वाऱ्याखाली येऊन उभे राहतात. पाच मिनिटं जातात, दहा जातात. मग आजी म्हणतात, “अरे, हा तर पंख्याचाच वारा!” कुणीतरी गॅलरीत जाऊन बघतं. बाहेरचं युनिट ढिम्म. ना पंखा फिरतोय, ना घरघर.

मेकॅनिकला फोन जातो. मार्च-एप्रिलमध्ये त्याचा फोन खाली ठेवायला सवड नसते, त्यामुळे निदान बहुतेकदा फोनवरच होतं: “गॅस गेला असेल, काका. भरून टाकू.”

एसी थंड करत नाही या तक्रारीला हे उत्तर कधीकधी बरोबर असतं. पण बाहेरचं युनिट सुरूच होत नाही ही वेगळी तक्रार आहे, आणि तिला हे उत्तर बहुधा लागू पडत नाही. एसीतला गॅस स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांमधून तोच तो गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. आणि साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या घरगुती एसीत गॅस गळला तरी बाहेरचा पंखा फिरतो, कॉम्प्रेसर चालतो, फक्त खोली गार होत नाही. इन्व्हर्टर एसीची गोष्ट थोडी निराळी. त्यातल्या काहींना गॅस कमी झाल्याचं सेन्सरवरून कळतं आणि ते स्वतःच थांबतात, पण तेही सहसा थोडा वेळ चालून मग, आणि दिव्यांच्या उघडझापीतून तसं सांगून. बाहेर पहिल्यापासूनच शुकशुकाट असेल, तर आधी संशय विजेवर घ्यायचा.

स्प्लिट एसीतली कामाची वाटणी लक्षात असली की संशय कुठे घ्यायचा हे आपोआप कळतं. आतल्या युनिटमध्ये गार होणारी जाळी, तिच्यावरून हवा फिरवणारा लांबट ब्लोअर आणि एक सर्किट, म्हणजे पीसीबी. या ब्लोअरला लागणारी वीज साध्या छताच्या पंख्याहून जास्त नसते. खरं ओझं बाहेर असतं. तिथे कॉम्प्रेसर असतो, उष्णता बाहेर फेकणारी जाळी असते आणि तिच्यातून हवा ओढणारा पंखा. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालताना साधारण दीड किलोवॉट वीज ओढतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा वाटा बाहेरच्या युनिटचा. म्हणून आत वारा येतोय, याचा अर्थ एसीला नीट वीज मिळतेय असा होत नाही. मरतुकड्या विजेवरही ब्लोअर फिरतो. कॉम्प्रेसर तसल्या विजेला दाद देत नाही.

पण विजेकडे जाण्याआधी एक प्रश्न विचारून घ्यावा: बाहेरच्या युनिटला सुरू व्हायला कुणी सांगितलंय का?

प्रश्न विनोदी वाटेल, पण अशा कितीतरी तक्रारी रिमोटपाशीच मिटतात. लहान मुलानं बटणं दाबून ‘फॅन’ मोड लावलेला असतो. त्यात बाहेरचं युनिट चालणारच नाही. ‘ड्राय’ मोडमध्ये ते अधूनमधून चालतं आणि थांबतं. गरम-गार दोन्ही करणाऱ्या एसीवर चुकून सूर्याचं चिन्ह आलेलं असेल, तर एप्रिलच्या खोलीत त्याला गरम करण्याजोगं काही उरलेलंच नसतं. रिमोटवर बर्फाच्या कणाचं चिन्ह दिसेपर्यंत मोडचं बटण दाबायचं.

मग तापमान. १ जानेवारी २०२०पासून स्टार लेबलच्या घरगुती एसींना कंपनीकडून येतानाच २४ अंशांची नेमणूक ठरवून दिलेली आहे. वळवाच्या सरीनंतरच्या संध्याकाळी खोलीच २४ अंशांना आलेली असते, आणि मग एसी मुकाट्यानं नुसता वारा देत बसतो. तो बिघडलेला नसतो, त्याचं काम झालेलं असतं. म्हणून तपासणीपुरतं तापमान १८वर आणावं आणि घड्याळाकडे बघत थांबावं.

थांबायचं किती? किमान तीन मिनिटं, खरं तर पाच. कॉम्प्रेसर बंद झाला की एका बाजूला गॅसचा दाब जास्त असतो आणि दुसरीकडे कमी. हे दाब सारखे होण्याआधी कॉम्प्रेसर पुन्हा सुरू करणं म्हणजे भरलेल्या बैलगाडीला चढावर पहिला धक्का देणं. म्हणून पीसीबीतच सुमारे तीन मिनिटांचा विलंब घातलेला असतो. वर स्टॅबिलायझर असेल, तर त्याचा स्वतःचा विलंब निराळा. घाईचा माणूस दोन मिनिटांनी रिमोट बंद-चालू करतो, मोजणी पुन्हा शून्यावर येते, आणि “वीस मिनिटं झाली, काही सुरूच होत नाही” असा त्रागा सुरू होतो. वीस मिनिटांत त्यानं युनिटला एकदाही पुरती सवड दिलेली नसते.

नव्या इन्व्हर्टर एसींनी आणखी एक गंमत करून ठेवली आहे. क्षमता ४० किंवा ६० टक्क्यांवर आणणारं बटण दाबलं गेलं असेल, किंवा खोली गार होत आली असेल, तर बाहेरचं युनिट इतकं हळू चालतं की रस्त्यावरच्या रहदारीत त्याचा आवाजच कळत नाही. जुन्या एसीच्या घरघरीची सवय असलेल्या कानाला ते बंदच वाटतं. पंख्याकडे नीट बघावं, पुढे तळहात धरून हवा उबदार येतेय का पाहावं. येत असेल, तर तक्रार दुसरीच आहे.

रिमोट निर्दोष सुटला, की विजेच्या वाटेनं मागे मागे जायचं.

स्टॅबिलायझर असेल तर पहिली नजर त्याच्या आकड्यांवर. आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट धरलेला आहे, त्यात १० टक्के वरखाली, म्हणजे २०७ ते २५३. गावाच्या टोकाला, शेवटच्या खांबावरून वीज घेणाऱ्या घरात संध्याकाळी हा आकडा याच्याही खाली उतरतो. दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की काही स्टॅबिलायझर वीज तोडतात. काही एसी आतलं चालू ठेवून फक्त बाहेरचं थांबवतात. खूण सोपी: दुपारी चालणारा एसी संध्याकाळी सातनंतर रुसत असेल आणि रात्री अकराला पुन्हा शहाण्यासारखा वागत असेल, तर रोग घरातला नाही, गल्लीतला आहे. अशा वेळी १९१२ या क्रमांकावर वीज कंपनीकडे तक्रार नोंदवणं हे मेकॅनिकला बोलावण्यापेक्षा उपयोगाचं.

एक लक्षण मात्र दिसताच धावत जाऊन मेन स्विच बंद करावा. दिवे अचानक डोळे दिपवण्याइतके उजळले, पंखे सुसाट सुटले, शेजारच्या फ्लॅटमध्ये मात्र दिवे मिणमिणायला लागले, तर इमारतीचा न्यूट्रल तुटल्याची शक्यता मोठी असते. तीन फेजच्या इमारतीत असं झालं की एखाद्या घरात २३०ऐवजी ३००-३५० व्होल्टही येऊ शकतात. अशा दोन मिनिटांत एका मजल्यावरचे चार एसी, दोन टीव्ही आणि एक फ्रिज एकदम जाऊ शकतात. दुसऱ्या दिवशी बाहेरचं युनिट का सुरू होत नाही, याचं उत्तर मग त्या रात्रीतच शोधायचं. मेकॅनिकला ते आठवणीनं सांगावं, कारण त्याला ते दिसत नाही.

स्टॅबिलायझरनंतर प्लग. एसीचा १६ अँपिअरचा प्लग काढून पाहण्याची सवय कुणालाच नसते. आधी एमसीबी पाडायचा, मग प्लग ओढायचा. पितळी पिना काळ्या पडल्यात का, प्लॅस्टिक पिवळटून वितळलंय का, जळका वास येतोय का? सॉकेटमध्ये पकड ढिली झाली की तिथे ठिणग्या पडतात, त्या जागी काजळी धरते, आणि मग आतल्या युनिटपुरती वीज जाते पण कॉम्प्रेसरनं ओढ घेतली की दाब कोसळतो. जुन्या वाड्यांत आणि चाळींत एसीला वेगळी वायर न ओढता पंख्या-दिव्यांच्या बारीक वायरीवरच तो जोडलेला आढळतो. दीड टनाच्या एसीला बोर्डापासून स्वतंत्र तांब्याची वायर हवी. बरेच इलेक्ट्रिशियन चार चौरस मिलिमीटरची ओढतात आणि ते योग्यच आहे.

एमसीबी पडलेला असेल, तर एकदा उचलून बघायला हरकत नाही. पुन्हा पडला, तर हात मागे घ्यायचा. “वीसचा काढून बत्तीसचा टाकू” असा सल्ला देणारा कारागीर भेटतोच. एमसीबी वायरीच्या रक्षणासाठी असतो. वायर तीच ठेवून तो मोठा केला, तर पुढच्या वेळी एमसीबीऐवजी वायर जळेल, आणि ती भिंतीच्या आत असते.

इथपर्यंत सगळं ठीक असेल, तर आता कानांचं काम. एसी १८ अंशांवर लावून एका माणसानं आत थांबावं आणि एकानं गॅलरीत युनिटपासून दोन हात लांब. हातात काहीही नको, कव्हर उघडायचं नाही. पाच मिनिटं फक्त ऐकायचं आणि बघायचं. या पाच मिनिटांत बाहेरचं युनिट तीनपैकी एक जबाब देतं.

पहिला जबाब: घूं... असा दबका आवाज येतो, पंखा नीट फिरतोय, आणि पाच-दहा सेकंदांत ‘टक’ होऊन घूं थांबतं. पंखा फिरतच राहतो. काही मिनिटांनी पुन्हा घूं, पुन्हा टक. कारागिरांच्या भाषेत, कॉम्प्रेसर उचलत नाहीये. बंद कॉम्प्रेसरला हलवायला क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट लागतो. तो धक्का ज्याच्या मदतीनं मिळतो, तो कपॅसिटर थकला की मोटर जागच्या जागी कण्हत राहते, तापते, आणि तिचं जळण्यापासून रक्षण करणारा ओव्हरलोड प्रोटेक्टर ‘टक’ करून तिची वीज तोडतो. गार झाला की तो पुन्हा जोडतो. कॉम्प्रेसर चांगलाच तापला असेल, तर त्याला अर्धा-पाऊण तासही लागू शकतो. म्हणून “मघाशी काहीच आवाज नव्हता, आता येतोय” ही माहितीही महत्त्वाची. असे दोन प्रयत्न ऐकले की एसी बंद करून टाकावा. प्रत्येक कण्हण्यासरशी आतली तांब्याची गुंडाळी भाजत असते. काही शेकड्यांत भागणारं काम दहा प्रयत्नांनंतर कॉम्प्रेसर बदलण्यापर्यंत जाऊ शकतं.

या कपॅसिटरबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण साध्या एसीत बाहेरचं युनिट बंद पाडणारा सगळ्यात नेहमीचा गुन्हेगार तोच. अॅल्युमिनियमची उभट डबी, कटिंग चहाच्या ग्लासाहून थोडी उंच, वर तीन जागी पत्र्याच्या पिना: ‘सी’, ‘हर्म’ आणि ‘फॅन’. सामाईक, कॉम्प्रेसरची आणि पंख्याची. काही युनिटमध्ये पंख्याचा छोटा कपॅसिटर निराळा असतो. दीड टनाच्या एसीत कॉम्प्रेसरसाठीचा आकडा बहुधा ३५ ते ५० मायक्रोफॅरॅडच्या दरम्यान, कारागीर त्याला ‘एमएफडी’ म्हणतात. पंख्यासाठी दोन-चार पुरतात. चांगल्या कपॅसिटरचं डोकं सपाट असतं. गेलेल्याचं पुष्कळदा पुरीसारखं फुगतं, कधी बुडातून तेल पाझरतं. पण सपाट दिसणाराही थकलेला असू शकतो. डबीवर ५० छापलेले आणि मीटर दाखवतो ३०, तर तो निकामीच. उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या पेटीत, वर्षाचे चार महिने, हे बिचारं काम करत असतं. चार-पाच उन्हाळ्यांनी ते थकलं, तर त्यात नवल नाही.

स्वस्त वस्तू आहे, जालावर चित्रफिती ढीगभर आहेत, मग घरीच का बदलू नये? कारण प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते आणि ती जोरदार झटका देते. कसलेला कारागीर आधी रेझिस्टर लावून ती उतरवतो, मगच हात घालतो. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढणारेही पुष्कळ आहेत, ते बघून शिकण्यासारखं नाही.

दुसरा जबाब: कॉम्प्रेसर चालतोय, युनिटला हलकी थरथर आहे, पण पंखा उभा. किंवा फिरायचा प्रयत्न करतोय आणि जमत नाहीये. चार-पाच मिनिटांनी कॉम्प्रेसरही तापून बंद पडतो, आणि घरातल्यांना वाटतं की युनिट सुरूच होत नाही. इथे दोष पंख्याच्या कपॅसिटरचा, मोटरचा किंवा जाम झालेल्या बेअरिंगचा. अशा वेळी जाळीतून झाडूची काडी घालून पंख्याला ढकलण्याची एक गावठी युक्ती चालते. ढकलल्यावर तो फिरतोही, आणि मग घरात युक्ती सांगणाऱ्याचा भाव वधारतो. त्यानं कळतं एवढंच की कपॅसिटर गेलाय. ते जाणून घेण्यासाठी फिरत्या पात्यापाशी हात नेण्याची काही गरज नसते.

तिसरा जबाब म्हणजे पूर्ण मौन. पंखा नाही, घूं नाही, टक नाही. आत असलेल्या माणसानं मात्र या वेळी आतल्या युनिटपाशी कान द्यायचा. पुष्कळ साध्या एसींत आतला पीसीबी रिलेमार्फत बाहेर वीज सोडतो, आणि तो रिले लागताना बारीक ‘टिक’ ऐकू येतं. टिक आलं आणि बाहेर काहीच नाही, तर वीज वाटेत अडली: जोडणीची केबल, ढिला स्क्रू, किंवा उंदरानं कुरतडलेली वायर. टिकच आलं नाही, तर पीसीबीनं हुकूमच सोडलेला नाही. मग एक तर पीसीबीत बिघाड आहे, नाही तर त्याची फसवणूक होतेय.

ही फसवणूक कशी होते ते पाहण्यासारखं आहे. आतल्या जाळीसमोर एका प्लॅस्टिकच्या चिमट्यात खोलीचं तापमान मोजणारा सेन्सर बसवलेला असतो, शेंगदाण्याच्या फोलपटाएवढा. सर्व्हिसिंगच्या वेळी जाळी धुताना तो चिमट्यातून निसटतो आणि कारागीर घाईत त्याला जाळीलाच टेकवून पुढचं झाकण लावतो. एसी सुरू होतो, जाळी गार होते, सेन्सर म्हणतो खोली १६ अंशांना आली, आणि पीसीबी बाहेरचं बंद करतो. माणसं घामाघूम, एसीच्या लेखी महाबळेश्वर. “सर्व्हिसिंग करून घेतली आणि तेव्हापासून बिघडलं” या तक्रारीत दर वेळी कारागिराचा डाव शोधू नये. अनेकदा एवढंच असतं, आणि दोन मिनिटांत दुरुस्त होतं. सेन्सर खराब झाला किंवा त्याची बारीक वायर तुटली, तरी बाहेरचं थांबतं, पण त्या वेळी बहुतेक एसी दिवे लुकलुकवून कोड दाखवतात.

इन्व्हर्टर एसीत हे कोड म्हणजे अर्धं निदान. तिथे तो धक्का देणारा कपॅसिटर नसतो. बाहेरच्या युनिटमध्ये स्वतःचा मोठा पीसीबी असतो आणि तो आतल्याशी एका वायरीवरून सतत बोलत असतो. हे बोलणं तुटलं की बाहेरचं युनिट सुरू होत नाही. आत एखादं इंग्रजी अक्षर आणि आकडा झळकतो, किंवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. अक्षर लिहून घ्यावं, लुकलुक मोजावी, मोबाइलवर चित्रण करून ठेवावं. एकाच कोडचा अर्थ प्रत्येक कंपनीत निराळा असतो, म्हणून शेजाऱ्याच्या एसीचा अर्थ आपल्याला लावू नये. पुस्तिका बघावी. मग एमसीबी पाडून दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करावं. वीज गेल्या-आल्यावर पीसीबी नुसता गोंधळलेला असेल, तर एवढ्यानं तो ताळ्यावर येतो. तोच कोड परत आला, तर खरा दोष आहे.

संवाद तुटण्याची कारणं कधी अगदी घरगुती असतात. बदली होऊन घर बदललं, एसी नव्या जागी बसवताना केबल पुरली नाही, म्हणून मध्येच पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळली. पहिल्या पावसापर्यंत सगळं ठीक चाललं, मग त्या सांध्यात पाणी शिरलं. नाही तर पाल. बाहेरच्या युनिटचा पीसीबी गरम असतो, थंडीत ती उबेला आत शिरते, दोन टोकांना एकदम शिवते आणि स्वतःबरोबर काही हजारांचा पीसीबी घेऊन जाते. पीसीबी गेला म्हटल्यावर लगेच नव्याची पावती फाडू नये. वॉरंटी पाहावी आणि दुरुस्त होईल का ते विचारावं. मोठ्या शहरांत पीसीबी दुरुस्त करणारी दुकानं असतात, आणि पुष्कळदा जळलेला असतो त्यावरचा एखादाच भाग. मात्र हा पीसीबी घरी उघडून बघण्याचा मोह तर साध्या एसीहूनही वाईट. त्यातल्या कपॅसिटरवर तीनशेहून अधिक व्होल्टची डीसी वीज असते आणि प्लग काढल्यावरही ती काही मिनिटं टिकते.

युनिट कुठे टांगलंय, यावरही बरंच ठरतं. एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश धरून. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात सावलीतच ४५ असतात. अशात युनिट गच्चीच्या सिमेंटवर, तीन बाजूंनी भिंत आणि वर पत्रा अशा कोनाड्यात बसवलं, की त्यानं बाहेर फेकलेली गरम हवाच ते पुन्हा ओढतं. दाब चढतो, संरक्षण लागतं, युनिट बंद. दुपारी दोन ते पाच बंद आणि रात्री ठणठणीत असं चालत असेल, तर कारण बहुधा हेच. मागे वीतभर आणि पुढे दोन हात तरी मोकळी हवा हवी. वर सावली असावी, पण हवा कोंडणारी नको. कोकण किनाऱ्यावर शत्रू निराळा. खारी हवा पिना आणि स्क्रू खाते, अॅल्युमिनियमच्या पात्यांचा भुगा करते. तिथे पावसाळा संपताच गोड्या पाण्यानं जाळी धुऊन घेणं आणि जोडण्या तपासून घेणं फायद्याचं. नाल्याच्या किंवा उघड्या गटाराच्या तोंडाशी युनिट लावू नये. तिथला सडका वायू तांबं पोखरतो, आणि मग खरंच गॅस जातो.

आता मेकॅनिक. त्याला फोन करताना “एसी चालत नाही” एवढंच न सांगता पाहिलेलं सांगावं: इन्व्हर्टर आहे की साधा, किती टनाचा, पंखा फिरतोय पण कॉम्प्रेसर घूं करून टक करतो, स्टॅबिलायझरवर २२५ आहेत, हा कोड येतोय. एवढं ऐकल्यावर तो योग्य कपॅसिटर पिशवीत टाकूनच निघतो, दुसऱ्या फेरीचे पैसे वाचतात, आणि समोरच्याला थोडं कळतं हेही त्याला कळतं.

तो आल्यावर त्याच्या डोक्यावर उभं राहू नये, पण तीन गोष्टी मागाव्यात. कपॅसिटर बदलणार असेल, तर जुना मीटरवर मोजून दाखव आणि काढलेला इथेच ठेव. युनिट सुरू झालं, की क्लॅम्प मीटर लावून करंट किती येतोय ते दाखव. दीड टनाच्या साध्या एसीत तो सात-आठ अँपिअरच्या आसपास असतो, युनिटच्या पट्टीवर छापलेला आकडा ताडून बघता येतो. आणि गॅस भरायचाच असेल, तर आधी गळती कुठे आहे ते शोध. गळती न बुजवता भरलेला गॅस पुढच्या होळीला परत भरावा लागतो. किती भरायचा, कोणता भरायचा, हेही पट्टीवरच ग्रॅममध्ये छापलेलं असतं: आर-३२, आर-४१०ए, जुन्यात आर-२२. यातला आर-३२ थोडासा ज्वलनशील आहे, आणि आर-२९० म्हणजे तर प्रोपेनच. असे गॅस भरलेल्या एसीच्या नळीवर ते न उतरवता वेल्डिंगचा दिवा धरणारा माणूस घरात घेऊ नये. उरला प्रश्न वॉरंटीचा. कॉम्प्रेसरची दहा वर्षांची वॉरंटी म्हणजे पीसीबीची, गॅसची आणि मजुरीची नव्हे, आणि बाहेरच्या कारागिरानं युनिट उघडलं तर कंपनी हात वर करू शकते. वॉरंटीत असलेल्या एसीला आधी कंपनीचा माणूस. तिथे टोलवाटोलवी झाली, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

युनिट सातव्या मजल्यावर खिडकीबाहेरच्या कोनावर टांगलेलं असेल, तर घरातल्या कुणीही वाकून ते बघायला जाऊ नये. मोबाइल काठीला बांधून चित्रण करता येतं, नाही तर ऐकून भागवावं. आणि कारागीर नुसत्या पाइपला धरून सज्ज्यावर उतरायला निघाला, तर त्याला अडवावं. सेफ्टी बेल्ट आणायला तो उद्या पुन्हा आला, तरी चालेल. एक रात्र पंख्यावर जाते.

मार्चमधली ही सगळी धावपळ फेब्रुवारीत अर्ध्या तासात टळू शकते. एमसीबी पाडून, युनिटच्या मागे-खाली टॉर्च मारून बघायचं: उंदरानं चावलेल्या वायरी, मातीचं घर केलेली कुंभारमाशी, जाळीला चिकटलेला कापसासारखा धुळीचा थर. जाळी साध्या नळीच्या हलक्या धारेनं धुवावी, वायरींच्या बाजूला पाणी जाऊ देऊ नये. धुण्याच्या केंद्रावरची जोरदार धार पाती वाकवते. प्लॅस्टिकचं आच्छादन घालून ठेवलेलं असेल, तर आठवणीनं काढावं. ते तसंच ठेवून एसी सुरू करणारी घरंही असतात.

आणि कबुतरं. मुंबई-पुण्यात युनिटमागची ती वीतभर जागा जणू त्यांच्याच नावावर असते. काड्या, तारा, पिसं आणि विष्ठा यांनी जाळी भरून जाते. घरटं रिकामं असेल, तर तोंडाला मास्क लावून, ओलं करून काढावं, म्हणजे धूळ उडत नाही. त्यात दोन पांढरी अंडी दिसली, तर मात्र हिशेब बदलतो: अंडी उबायला साधारण अठरा दिवस, पिल्लं उडायला आणखी महिनाभर. बघणारं माणूस आत येतं, टॉर्च विझवतं आणि माळ्यावरचा जुना टेबलफॅन खाली काढतं.